मुलांच्या मैदानी स्पर्धांत जागेवरच छायाचित्रे छापून विकणे : माझे गणित कुठे चुकते?

पेठेतला_स्टुडिओ

नमस्कार. सदाशिव पेठेत माझा लहानसा स्टुडिओ आहे आणि त्याला यंदा चौदा वर्षे झाली. पासपोर्ट आकाराची छायाचित्रे, साखरपुडे, मुंजी आणि शाळांची स्नेहसंमेलने एवढ्यावर आजवर भागत होते. परंतु आता मुंजीची निम्मी छायाचित्रे भाचे-पुतणेच मोबाइलवर काढतात, आणि उरलेली निम्मी काढण्यासाठी मला बोलावले तरी छापून घेण्याचा आग्रह कोणी धरत नाही. म्हणून गेल्या वर्षीपासून मुलांच्या क्रीडा स्पर्धांच्या ठिकाणी टेबल मांडून, छायाचित्रे काढून, तेथेच छापून विकण्याचा प्रयत्न मी करीत आहे. पळणाऱ्या मुलाचे चांगले छायाचित्र मोबाइलवर सहसा येत नाही, त्यामुळे येथे तरी आपली गरज उरली असेल, असा माझा अंदाज होता.

आतापर्यंत दोन स्पर्धा केल्या. पहिली कराटेची, एका मंगल कार्यालयात झालेली. तिच्याविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. दुसरी एका आंतरशालेय मैदानी स्पर्धेची होती. सुमारे तीनशे मुले होती. सकाळी नऊपासून दुपारी दोनपर्यंत मी सत्तर-ते-दोनशेच्या लेन्सने एकूण तीन हजार शंभर छायाचित्रे काढली. सहायकाने एका लॅपटॉपवर ती पालकांना दाखवली, आणि जुन्या बाजारात घेतलेल्या डीएनपीच्या डीएस-आरएक्स१ एचएस प्रिंटरवर आम्ही ४ बाय ६ इंच आकाराच्या प्रती शंभर रुपयांना एक याप्रमाणे विकल्या. दिवसअखेर एकेचाळीस कुटुंबांनी मिळून सेहेचाळीस प्रती घेतल्या. कागद आणि रिबन मिळून मला एक प्रत बारा रुपयांना पडते, पुठ्ठ्याचे फोल्डर नऊ रुपयांना. सहायकाची मजुरी, टेम्पो, टेबल-खुर्च्या आणि मांडववाल्याच्या जनरेटरमधून घेतलेली वीज यांचा हिशेब केल्यावर माझ्या हाती जे उरले, तेवढे स्टुडिओत बसून पासपोर्ट फोटोंतही उरले असते.

टेबलापाशी गर्दी मात्र दिवसभर होती, आणि हेच मला समजत नाही. पालक येत होते, वाट पाहत होते आणि कंटाळून निघून जात होते. काही जण तर लॅपटॉपच्या पडद्याचेच मोबाइलने छायाचित्र काढून घेत होते. ‘पडद्याचा फोटो काढू नये’ अशी पाटी मी लावली. तिचेही एकाने छायाचित्र काढले.

येत्या जानेवारीत दोन दिवसांच्या एका स्पर्धेचे काम मिळण्याची शक्यता आहे. पहिल्या दिवशी धावण्याच्या शर्यती आणि लांब उडी, दुसऱ्या दिवशी बंदिस्त सभागृहात मॅटवरची कबड्डी, अशी आठ ते चौदा वयाची चारशेच्या आसपास मुले असतील. आयोजक विक्रीच्या वीस टक्के मागत आहेत. मला तीन गोष्टींबद्दल अनुभवी मंडळींचे मत हवे आहे. दुसरा प्रिंटर घ्यावा का? प्रत्येक मुलाचे एक छायाचित्र आधीच छापून फळ्यावर लावून ठेवले, तर विक्री वाढेल का? आणि लहान मुलांची छायाचित्रे अशी विकताना परवानगी नेमकी कोणाची घ्यायची?

मैदानावरचा_माणूस

आपला हिशेब वाचून मला माझी पहिली दोन वर्षे आठवली. दुसरा प्रिंटर मुळीच घेऊ नका. आपल्याकडे आहे तो प्रिंटर ४ बाय ६ ची एक प्रत साधारण बारा सेकंदांत देतो. सेहेचाळीस प्रती छापायला त्याला सव्वानऊ मिनिटे पुरली असतील. म्हणजे पाच तासांपैकी पावणेपाच तासांहून अधिक वेळ तो रिकामा बसून होता. आता लॅपटॉपकडे पाहा. पाच तासांत एकेचाळीस कुटुंबे, म्हणजे एका कुटुंबाला सात मिनिटांहून थोडा अधिक वेळ. तीन हजार छायाचित्रांच्या ढिगाऱ्यातून स्वतःचे मूल शोधायला आणि त्यातले एक निवडायला माणसाला एवढा वेळ लागतोच, आणि त्या वेळात मागे उभ्या असलेल्या चार कुटुंबांपैकी दोन निघून जातात. आपल्या टेबलावरून त्या दिवशी याहून फार अधिक विक्री होणेच शक्य नव्हते, मग किंमत शंभर असो वा पन्नास.

या धंद्यात विकली जाणारी वस्तू फार लवकर शिळी होते. मुलाचा घाम वाळलेला नाही, छातीवरचा चेस्ट नंबर अजून निघालेला नाही, आई हातात पाण्याची बाटली घेऊन उभी आहे, अशा अर्ध्या-पाऊण तासात छायाचित्र समोर आले तर ते घेतले जाते. तोच पालक घरी पोहोचला की ‘नंतर ऑनलाइन पाहू’ म्हणतो आणि पाहत नाही. त्यामुळे छायाचित्र काढल्यापासून ते त्याच मुलाच्या पालकापुढे येईपर्यंतचा वेळ कमी करणे, याखेरीज दुसरे काहीही सुधारण्याच्या मागे लागू नका.

त्यासाठी पहिली गोष्ट म्हणजे कमी छायाचित्रे काढा. शंभर मीटरच्या एका शर्यतीत आठ मुले पळतात आणि चौदा-पंधरा सेकंदांत सारे संपते. सेकंदाला दहा या वेगाने बटण दाबून धरले तर एका शर्यतीची दीडशे छायाचित्रे होतात आणि त्यांतली एकशेतीस कोणालाच नको असतात. मी अंतिम रेषेच्या पलीकडे, धावपट्टीच्या थोडे बाहेर, गुडघ्यावर बसतो आणि शेवटच्या वीस-पंचवीस मीटरमध्येच, मुलगा मुलगा निवडून, दोन-दोन तीन-तीनच घेतो. शटरचा वेग सेकंदाच्या एक हजारांशाच्या खाली येऊ देत नाही. आठही मुले एका शर्यतीत मिळत नाहीत, हे मान्य करावे लागते, आणि त्याची भरपाई आधी करून ठेवावी लागते. शर्यतीपूर्वी मुलांना गटवार ओळीत बसवतात, तेथे जाऊन प्रत्येक मुलाचे चेस्ट नंबर दिसेल असे एकेक जवळचे छायाचित्र काढावे. याचा उपयोग दुहेरी होतो. पुढच्या दोन मिनिटांतली छायाचित्रे कोणत्या गटाची आहेत हे सहायकाला आपोआप समजते, आणि मागच्या गटातला, शर्यतीच्या छायाचित्रात न सापडलेला मुलगाही रिकाम्या हाताने जात नाही. खरे सांगायचे तर अनेकदा पालक शर्यतीपेक्षा हेच छायाचित्र घेतात, कारण त्यात मूल डोळे उघडे ठेवून, थोडेसे घाबरून, थेट आपल्याकडे पाहत असते.

दुसरी गोष्ट, ओळीत बसलेल्या प्रत्येक मुलाच्या हाती शर्यतीचा क्रमांक छापलेली एक चिठ्ठी द्या. पालकाने ती चिठ्ठी टेबलावर दाखवली की त्या क्रमांकाचा फोल्डर उघडायचा. त्यात तीस-चाळीसच छायाचित्रे असतात आणि एका मिनिटात निवड होते. दोन कॅमेरे वापरत असाल तर सकाळी दोघांची घड्याळे सेकंदापर्यंत जुळवून घ्या, नाहीतर एका शर्यतीची छायाचित्रे दुसऱ्या शर्यतीच्या फोल्डरात जातात आणि सारी रचना कोसळते. एका लॅपटॉपऐवजी चार स्वस्त टॅब ठेवा. कार्ड मैदानावरून टेबलापर्यंत नेण्यासाठी एक चपळ पोरगा ठेवा. दर दोन शर्यतींनंतर कार्ड बदलायचे. कॅमेऱ्यातून थेट वायरलेस पाठवण्याचे प्रयोग मी केले आहेत, परंतु तीन-चारशे पालकांचे मोबाइल एका मैदानावर जमले की बिनतारी जोडणीचा भरवसा राहत नाही. तो पोरगा मात्र कधी अडत नाही, फक्त त्याला वेळेवर वडापाव मिळाला पाहिजे.

कॅमेऱ्यात मोठ्या फाइली ठेवू नका. या प्रिंटरची सूक्ष्मता इंचाला तीनशे ठिपके एवढी आहे. म्हणजे ४ बाय ६ साठी बाराशे गुणिले अठराशे, सव्वादोन मेगापिक्सेलही नाहीत. लहान आकाराची जेपीईजी पुरते आणि लॅपटॉपवर झरझर उघडते. व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) आणि एक्स्पोजर (प्रकाशाचे प्रमाण) हाताने बांधून ठेवा, सकाळी पाच प्रती चाचणी म्हणून छापा, आणि त्यानंतर रंग दुरुस्त करण्याचा मोह टाळा.

प्रती वेगाने निघू लागल्या की प्रिंटरचीही काळजी घ्यावी लागते, म्हणून त्याबद्दल दोन शब्द. इंकजेटकडे वळू नका. आपला प्रिंटर डाय-सब, म्हणजे रिबनवरचा रंग उष्णतेने कागदावर चढवणारा आहे. त्यात पिवळा, मॅजेंटा आणि सायन असे तीन रंग एकामागून एक चढतात आणि शेवटी वरून पारदर्शक थर बसतो, त्यामुळे प्रत कोरडीच बाहेर येते आणि घामेजल्या हातांनी खराब होत नाही. छायाचित्र गडद असो वा फिके, रिबन तेवढीच लागते, म्हणून हिशेबही पक्का राहतो. मात्र मैदानावरची लाल माती हा डाय-सबचा शत्रू आहे. रोल बदलताना धुळीचा एक कण आत गेला तरी त्या जागी पांढरा ठिपका उमटतो. ४ बाय ६ चा रोल सातशे प्रतींचा असतो, तो सकाळी घरूनच भरून आणावा आणि प्रिंटर तिन्ही बाजूंनी झाकलेल्या खोक्यात ठेवावा. कॅननचा ‘सेल्फी’ नावाचा छोटा प्रिंटर घेऊन काही जण मैदानावर येतात. त्यात कागद प्रत्येक रंगासाठी बाहेर येऊन परत आत जातो, एका प्रतीला चाळीस सेकंदांच्या आसपास लागतात, आणि वारा सुटला की त्या चार फेऱ्यांत काय काय चिकटते ते विचारू नका. मांडववाल्याच्या जनरेटरवर थेट प्रिंटर लावू नये. त्याच जनरेटरवर ध्वनिक्षेपक असतो, विजेचा दाब वरखाली होतो, आणि छपाई अर्ध्यावर थांबली की ती प्रत वाया जातेच. मध्ये चांगल्या क्षमतेचा यूपीएस हवा. संगणकाचा लहान यूपीएस प्रिंटरचे डोके तापताना ओढली जाणारी वीज पेलत नाही.

फळ्यावर आधीच छापून लावण्याच्या कल्पनेबद्दल माझे मत प्रतिकूल आहे. गेटवे ऑफ इंडियापाशी उभे असणारे छायाचित्रकारदेखील आधी विचारतात, मग काढतात आणि मगच छापतात. चारशे प्रती आधी छापल्या आणि अडीचशे पडून राहिल्या तर आपले तीन हजार रुपये गेले. पदक घेतानाची आणि संघाची छायाचित्रे तेवढी न विचारता छापावीत, कारण त्यांना गिऱ्हाईक ठरलेले असते.

आणि ४ बाय ६ बंद करून फक्त ६ बाय ८ ठेवा, फोल्डरसह अडीचशे रुपये. श्रम तेवढेच, निवडीचा वेळ तेवढाच. फक्त ६ बाय ८ चे प्रमाण कॅमेऱ्याच्या चौकटीशी जुळत नाही, लांबीच्या दोन्ही टोकांनी थोडे कापले जाते, म्हणून काढतानाच कडेला जागा सोडत जा.

बाणेरची_पालक

मी छायाचित्रकार नाही. माझी मुलगी अकरा वर्षांची आहे आणि जिम्नॅस्टिक्स करते. अशा टेबलांसमोर मी अनेकदा उभी राहिले आहे, म्हणून पलीकडची बाजू सांगते.

एका स्पर्धेत छायाचित्रे मोठ्या पडद्यावर एकामागून एक सरकत होती आणि रस्त्याने जाणारा कोणीही ती पाहत उभा होता. माझ्या मुलीचे खेळाच्या पोशाखातले, उडीच्या मध्यावरचे छायाचित्र आले, तेव्हा माझ्या शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी गृहस्थांनी ‘हे छान आहे, याचे कितीला?’ असे विचारले. त्यांचा हेतू वाईट नसेलही. कदाचित त्यांना दर जाणून घ्यायचा असेल. परंतु त्या छायाचित्रकाराने कोणताही प्रश्न न विचारता दर सांगितला आणि पैसे दिले असते तर प्रतही दिली असती. त्यानंतर मी त्या टेबलावरून काहीही घेतले नाही, आणि आमच्या गटातल्या इतर आयांनीही घेतले नाही.

वरच्या दादांनी सांगितलेली चिठ्ठी मला म्हणूनच अधिक पटली. त्यांनी ती वेगासाठी सांगितली आहे. मी म्हणते, चिठ्ठी दाखवल्याशिवाय छायाचित्र दाखवूच नये. मोठा पडदा काढून टाकावा. त्याने विक्री वाढत असेल असे आपल्याला वाटत असेल, परंतु किती पालक त्याच्यामुळे निघून जातात ते आपल्याला दिसत नाही.

पडद्याचे छायाचित्र काढणाऱ्यांबद्दल आपण पाटी लावलीत, त्यावर थोडे हसू आले. मला ते छायाचित्र व्हॉट्सॲपवरही हवे असते, कारण ते त्याच संध्याकाळी नागपूरला मामाकडे पाठवायचे असते. आणि हातातही हवे असते, कारण आजी मोबाइल हातात धरत नाहीत आणि त्यांच्या कपाटाच्या काचेत लावायला कागदच लागतो. छापील प्रतीबरोबर मोबाइलवरची प्रत त्याच पैशांत देत असाल, तर पडद्याचे छायाचित्र काढण्याचे कारणच उरत नाही.

पीटीचे_सर_हडपसर

मी शाळेत क्रीडाशिक्षक आहे आणि दरवर्षी दोन-तीन स्पर्धांच्या आयोजनात असतो, त्यामुळे परवानगीच्या आणि टक्केवारीच्या प्रश्नांवर लिहितो.

त्याआधी एक गोष्ट, जी वर कोणी विचारली नाही. आपली मागची स्पर्धा ‘आंतरशालेय’ होती असे आपण लिहिले आहे. आंतरशालेय स्पर्धांना मुले पालकांबरोबर फार कमी येतात. ती शाळेच्या बसने किंवा पीएमपीच्या शहर बसने क्रीडाशिक्षकांबरोबर येतात, खिशात नाश्त्यापुरते पैसे असतात, आणि शेवटची शर्यत संपली की बस सुटते. जिल्हा पातळीवरच्या चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील शालेय स्पर्धांमध्ये तर पालक दुर्मीळच. याउलट स्केटिंग, कराटे, जिम्नॅस्टिक्स, जलतरण यांच्या क्लबांच्या स्पर्धांना प्रत्येक मुलामागे एक-दोन पालक आणि क्वचित आजोबासुद्धा असतात. तीनशे मुलांपैकी किती जणांबरोबर पालक आले होते, हे आपण मोजले असते तर एकेचाळीस कुटुंबांचा आकडा आपल्याला इतका कमी वाटला नसता. जानेवारीच्या कामाला होकार देण्यापूर्वी आयोजकांना पहिला प्रश्न हाच विचारा. पालक येणार नसतील तर जागेवर विक्रीचा नाद सोडून प्रत्येक शाळेच्या संघाचे एक नीट बसवलेले सामूहिक छायाचित्र काढावे, क्रीडाशिक्षकांकडे मागणीपत्रके द्यावीत आणि आठवड्याने शाळेत प्रती पोहोचवाव्यात. शाळा बिल मागतात, तेव्हा छापील बिलबुक आणि शॉप ॲक्टचा कागद तयार असू द्या. सेवेच्या व्यवसायात वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणीची सक्ती नाही.

परवानगी तिघांची लागते, असे समजून चला. मैदान ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची टेबल लावण्यासाठी, आयोजकांची मैदानाच्या आत येण्यासाठी, आणि पालकांची मुलाचे छायाचित्र काढून विकण्यासाठी. पहिल्या दोन परवानग्या लेखी घ्याव्यात. तिसरीसाठी उत्तम जागा म्हणजे प्रवेशअर्ज. ‘स्पर्धेचे अधिकृत छायाचित्रकार माझ्या पाल्याची छायाचित्रे काढून ती मला विक्रीसाठी दाखवू शकतात’ असे एक वाक्य, त्यापुढे होय-नाहीची चौकट आणि पालकांची सही. ज्यांनी ‘नाही’ लिहिले त्यांच्या मुलांच्या चेस्ट नंबरांची यादी सकाळीच आपल्या हातात हवी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक धरले आहे आणि बालकाची माहिती हाताळण्यापूर्वी पालकांची पडताळून पाहता येईल अशी संमती सांगितली आहे. त्यामुळे विक्री झाली नाही ती छायाचित्रे महिनोन्‌महिने हार्डडिस्कवर ठेवणे किंवा स्टुडिओच्या जाहिरातीसाठी समाजमाध्यमांवर टाकणे हे दोन्ही टाळावे. बाणेरच्या ताईंनी लिहिलेला प्रसंग मी वेगवेगळ्या रूपांत पाहिला आहे, आणि अशा वेळी पालक छायाचित्रकाराकडे नाही, आयोजकांकडे येतात.

टक्केवारीबद्दल माझे मत आयोजकांपैकी अनेकांना आवडणार नाही. वीस टक्के देऊ नका. टक्का ठरला की दिवसअखेर प्रती मोजण्यावरून वाद होतात. त्याऐवजी पदक वितरणाची आणि सर्व संघांची छायाचित्रे आयोजकांना विनामूल्य द्या, किंवा ठरावीक रक्कम आधीच भरा आणि मोकळे व्हा. मात्र एक काळजी घ्या. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याप्रमाणे छायाचित्राचा कर्ता छायाचित्रकार असला, तरी कोणी मोबदला देऊन आपल्या सांगण्यावरून छायाचित्र काढून घेतले असेल, तर वेगळा करार नसताना त्याचा पहिला मालक तो सांगणारा ठरतो. आयोजकांकडून आपण मानधन घेणार असाल आणि वर पालकांना विकणारही असाल, तर हक्क कोणाकडे राहतील हे दोन ओळींत लिहून घ्या.

मैदानावरच्या शिस्तीचे एवढेच सांगतो, की सुरुवात करून देणाऱ्या पंचांच्या मागे उभे राहून फ्लॅश मारू नका. एकदा अशा फ्लॅशमुळे शर्यत पुन्हा घ्यावी लागली होती, आणि त्या दिवशी छायाचित्रकारांना आम्ही दोरीबाहेर काढले ते आजतागायत बाहेरच आहेत.

पेठेतला_स्टुडिओ

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. सरांनी विचारलेला प्रश्न खरोखरच मी स्वतःला कधी विचारला नव्हता. आज आयोजकांना दूरध्वनी केला. पहिल्या दिवशीच्या शर्यती क्लबांमार्फत आहेत आणि पालक येणार आहेत; दुसऱ्या दिवशीच्या कबड्डीला मात्र शाळांचे संघ येतील. त्यामुळे दुसऱ्या दिवशी टेबल न मांडता संघांची छायाचित्रे आणि चढाई-पकडीची मोजकी छायाचित्रे काढून मागणीपत्रके वाटायची, असे ठरवतो आहे. प्रवेशअर्जातले वाक्य घालायला ते तयार झाले. वीस टक्क्यांवर अजून अडले आहेत.

फक्त ६ बाय ८ ठेवण्याची सूचना मात्र मला पटत नाही. आपल्याकडचा ग्राहक आधी सर्वांत लहान आकाराची किंमत विचारतो, मग मोठ्याची, आणि मग लहान घेतो. लहान आकार नसेलच तर तो ‘विचार करून सांगतो’ म्हणून जातो, आणि पुण्यात याचा अर्थ काय होतो ते आपण जाणता. मी दोन्ही ठेवणार आहे, ४ बाय ६ दीडशे रुपयांना आणि मोठे अडीचशेला, म्हणजे दोन्हींतले अंतर कमी दिसेल. मोबाइलवरची प्रत दोन्हींबरोबर मोफत. पाटी काढून टाकतो.

दोन शंका उरल्या आहेत. न विकल्या गेलेल्या प्रतींचे काय करावे? आणि त्या मंगल कार्यालयातल्या कराटेच्या छायाचित्रांत सलग काढलेल्या दोन छायाचित्रांचे रंग वेगळे येत होते, एक पिवळसर आणि दुसरे थोडे अंधारलेले. कॅमेऱ्यात बिघाड नाही. कबड्डीच्या दिवशी असे होऊ नये म्हणून काय करावे?

मैदानावरचा_माणूस

किंमत आपण ठेवली तशी ठेवून पाहा. मी माझे मत बदललेले नाही, परंतु सदाशिव पेठेतल्या माणसाशी ग्राहकाच्या स्वभावावर वाद घालण्याची माझी हिंमत नाही. दोन आकार ठेवणार असाल तर ६ बाय ८ चाच रोल भरा. त्याच कागदावर ४ बाय ६ च्या प्रती दोन-दोन कापून निघतात; दिवसातून चार वेळा रोल बदलत बसलात तर माती आत गेलीच समजा.

न विकलेल्या प्रती त्याच संध्याकाळी फाडून टाका, शक्य तर आयोजकांच्या समोर. परंतु त्याहून महत्त्वाची गोष्ट वापरलेली रिबन आहे, आणि तिच्याकडे जवळजवळ कोणीच लक्ष देत नाही. डाय-सबमध्ये रंग रिबनवरून कागदावर जातो, त्यामुळे जेथून रंग निघून गेला तेथे रिबनवर त्या छायाचित्राची उलटी प्रतिमा उरते. संपलेला रोल उजेडात धरला तर त्या दिवशी छापलेले प्रत्येक मूल त्यावर ओळीने, प्रत्येक रंगात एकदा, स्पष्ट दिसते. असे रोल मैदानावरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकलेले मी पाहिले आहेत. आपला रोल घरी आणावा आणि कात्रीने उभा-आडवा कापून मगच टाकावा.

सभागृहातल्या रंगांचे कारण कॅमेऱ्यात नाही, दिव्यांत आहे. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची आहे, त्यामुळे जुने मेटल हॅलाइडचे किंवा स्वस्त एलईडीचे दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतात. डोळ्यांना ते कळत नाही, परंतु सेकंदाच्या पाचशेव्या भागाचे शटर त्यातला एखादा मंद क्षण नेमका पकडते. शटर सेकंदाच्या शंभराव्या भागावर आणले तर रंग सारखे येतात, पण चढाई करणारा मुलगा हलतो, म्हणून तो उपाय संघांच्या छायाचित्रांपुरताच ठीक. आपल्या कॅमेऱ्याच्या मेनूत फ्लिकर कमी करण्याची सोय असेल तर ती चालू करा; तीत कॅमेरा दिव्याच्या तेजाच्या क्षणाची वाट पाहून शटर सोडतो, आणि सलग छायाचित्रांचा वेग थोडा कमी होतो. ती सोय नसेल तर एका चढाईची तीन-चार घेऊन त्यांतले सर्वांत उजळ तेवढे ठेवा. आदल्या दिवशी संध्याकाळी सभागृहाच्या रखवालदाराला सांगून सगळे दिवे लावून घ्या आणि एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत वीस छायाचित्रे काढून पाहा. अनेकदा एका बाजूचे दिवे ठीक असतात, आणि मग दिवसभर त्याच बाजूला बसायचे.